हात सोडून सगळं

मोनेतादेवीच्या देवळाशेजारी, टेकडीवर,
उजाडायच्या आत भट्टी पेटते
आणि आम्हा सहा जणांच्या पाठी तांबड्या होतात.
मी बिथस. थ्रेसचा. घण माझ्याकडे.
चांदीच्या चकत्या ठेवतो तो पोरगा स्तासिमो,
उजव्या हाताला साडेचार बोटं.
उरलेलं अर्धं कुठल्याशा दिनारात गेलं,
पण नाणं वजनाला उतरलं, असं तो हसत सांगतो.

मागच्या साली हत्ती होता.
हत्ती मी उभ्या जन्मात पाहिला नाही,
दिवसाला हजारभर मात्र जन्माला घातले.
त्याआधी ताऱ्यांखालून दौडणारे जुळे भाऊ,
त्याआधी शिरस्त्राण घातलेली रोमा,
नाकावर तिच्या रोज माझाच घाव.
घाव सोसल्याशिवाय देवपण नाही, खरंच आहे ते,
पण घाव घालणाऱ्याला काय येतं?
खांद्यात कळ.

ठसे कोरतो तो म्हातारा दिओक्लेस.
पाण्याच्या गोळ्यातून बघून बघून डोळे गेलेत त्याचे.
जन्मभर उलटी अक्षरं कोरली,
आता सरळ लिहिलेलं त्याला लागत नाही.

तर या महिन्यात नवा ठसा आला.
एका अंगाला देवी, केस मागे बांधलेले.
दुसऱ्या अंगाला
ऐरण.
सांडशी.
घण.

माझाच की! दांडा तसाच, मधे किंचित बारीक.
मी नाणं उजेडात धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं.
"आणि हात?"
दिओक्लेस पाणी प्यायला.
"जागा नव्हती."
मग बऱ्याच वेळानं, भिंतीकडे बघत,
"सांगितलंही नव्हतं कुणी."

त्या संध्याकाळी एक घाव उडाला.
ठसा हलला, मी पुन्हा हाणला.
चांदीवर दोन घण उठले, केसाच्या अंतरानं,
दोन सांडश्या, एकीच्या खांद्यावरून दुसरी डोकावणारी.
मुकादम पाहता तर ते भट्टीत गेलं असतं.
स्तासिमोनं साडेचार बोटांनी
ते चांगल्यांच्या ढिगात सारलं.

आता कुठं असेल कोण जाणे.
ओस्तियाच्या दारूगुत्त्यात, नाही तर
पगार मोजणाऱ्या एखाद्या शिपायाच्या तळव्यावर.
सराफ दगडावर आपटून बघेल. खणखणीत.
दिव्याजवळ नेईल, डोळे चोळील,
म्हणेल, वय झालं, एकाचे दोन दिसतात.

दोनच आहेत, बाबा.
मधल्या त्या फटीत बघ जरा.

उद्यापासून पुन्हा हत्ती, म्हणतात.