बेचाळीस टक्के

तुळजापूर नाक्यावर ओम्नीचा चेंदामेंदा झाला.
सर्व्हेअरने तिचे फोटो चहूबाजूंनी काढले,
काच, बंपर, डावं दार, सगळ्याचे भाव लिहिले.
तुझ्या हाताचा एकच फोटो. तोही एक्स-रे.

सिव्हिलच्या बोर्डाने सांगितलं, बेचाळीस टक्के.
"पन्नास असते तर..." म्हणत
अन्नलदास वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

उत्पन्नाचा पुरावा मागतात.
पगार शनिवारी, पाकिटात; वर पेन्सिलीने नाव.
ती पाकिटं मी जपली नाहीत रे,
त्यात विड्यांचा दोरा गुंडाळून ठेवायचे.

पुकारा झाला, अंबादास यल्लय्या गुंडेटी.
विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं,
"टॉवेल विणायला नेमकी किती बोटं लागतात?"

तू बोलला नाहीस.
बाहीचा सुटलेला दोरा ओढलास, तोडलास,
तुटली दोन टोकं जुळवून
एक दातात धरलंस,
आणि डाव्या हाताने गाठ मारू लागलास.
जज्जांनी घड्याळ पाहिलं.
गाठ बसेना.
पुन्हा. बसेना.
"नोंद घ्या," कुणीतरी म्हणालं.
कशाची, ते टायपिस्ट बाईंना कळेना.

पुढची तारीख सतरा.
परतताना रिक्षात
तो दोरा तुझ्या ओठाला चिकटलेलाच होता.
मी काढला नाही.