दुधाच्या पावडरीचा डबा

पाळक म्हणाले, उद्याची काळजी करू नका.
मीही आमेन म्हटलं,
बाकीच्यांपेक्षा जरा हळू.

घरी येऊन डबा काढला.
झाकणाला सुरीने पाडलेली खाच,
आत तीनशे चाळीस सेडी
आणि एक शर्टाचं बटण.
ते एबोचं दान. तो चार वर्षांचा आहे.

प्रभू, रागावू नकोस.
वहीत पहिली ओळ तुझीच असते,
मासळी धुरावर चढायच्या आधी.
दुसरी या डब्याची.
मग लाकडं, मीठ, शाळेची फी,
आणि नवऱ्याची बिअर,
जी मी ‘किरकोळ’ म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी महिनाभर समुद्र बंद होता.
सरकारचा हुकूम: माशांना वाढू द्या.
एल्मिनाच्या वाळूवर होड्या झोपून राहिल्या.
तेव्हा एकुवाकडून उसनं आणलेलं पीठ
कधीच फेडलं;
तिची नजर अजून फेडते आहे.

काल रात्री तीच दारात.
पोर तापाने फणफणलेलं,
बाहेर टॅक्सी उभी, पैसे आधी मागणारी.
मी डबा तिच्या ओट्यात उपडा केला.
मोजले नाहीत.
खोटं कशाला बोलू, मोजले.

आता वही उघडून बसले आहे.
हे कुठल्या ओळीत लिहू?
तुझ्या, डब्याच्या, की किरकोळीत?

सकाळी एक नाणं टाकलं,
बटणावर आपटून ते असं खणखणलं,
की प्रभू,
तूही कूस बदलली असशील.