उर्फ

खालचा यंत्रमाग थांबला की समजायचं
वडगावात साडेदहा झाले.
मग मी माशीच्या नोंदी उघडते.

आज एक जनुक दोनदा सापडलंय.
कुणी त्याला 'वाकडशीर' म्हटलं,
पंखातली शीर वाकली म्हणून.
एकोणीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या भिंगाखाली
कुणी 'पेंगट' म्हटलं,
भर उजेडात माशी पेंगत होती म्हणून.
दोघांचंही पाहणं खरं.
एकानं पंख पाहिला, एकानं झोप.
खालची अक्षरं मी शेजारी शेजारी लावली,
पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच.

माशीत नाव पडतं ते मोडल्यावर.
डोळा लाल करणाऱ्या जनुकाचं नाव 'पांढरा',
बिघडलं तेव्हाच ते कुणाच्या तरी नजरेत आलं.
कॉलेजात अंगडी मॅडमनी हे सांगितलं तेव्हा
मी माशांसाठी गुळाच्या पाण्यात रवा ढवळत होते.
वहीत माझ्याकडून लहान डब्ल्यूचा मोठा झाला.
"अक्षर मोठं काढलंस की दबणारा गुण
दाबणारा होतोय बघ," त्या म्हणाल्या,
आणि मग बाटलीला कापसाचं बूच लावत,
कानडी वळणाच्या मराठीत,
"तुमच्या लिपीत न्हाई, आमच्या लिपीत न्हाई,
हे लहान-मोठं. बरं हाय की."

आप्पा गेल्याला पाच महिने झाले.
नाडकचेरीच्या पडद्यावर ते तिघं आहेत.
रेशन कार्डात भरमाण्णा.
मतदार यादीत बरमन्ना,
कानडीतून परत मराठीत येताना
भ मधला प्राण तेवढा गेला.
आणि सूत सोसायटीच्या हजेरीत बी. वाय. किणयेकर,
नावावर अकरा वर्षांची ठेव.
आई तर त्यांना नुसतं 'ऐकलं काय' म्हणायची.
त्याची कुठंच नोंद नाही.

"खरं कंचं?" कारकुनानं विचारलं.
"तिन्ही," मी म्हटलं.
"मग उर्फ घालून प्रतिज्ञापत्र आणा."

उर्फ मला रोज लागतो.
दोन नोंदी एक केल्या तरी उरलेलं नाव पुसत नाहीत,
खाली ठेवतात,
जुना क्रमांक विचारत कुणी आलं तर
तो नव्या दाराकडे बोट दाखवतो.

पण गेल्या मार्चात मी चुकले होते.
शेजारशेजारची दोन जनुकं, नावं भावंडांसारखी,
मी एक करून टाकली.
सांतियागोच्या एका मुलीनं चार वेळा कळवलं,
एक मोडलं की अळी मरते,
दुसरं मोडलं तरी जगते, नुसती हळू चालते.
सगळं पुन्हा सुटं करायला मे उजाडला.

म्हणून सही करायच्या आधी सोसायटीत गेले.
पिवळा पडलेला पट, पान एकशे सात.
बी. वाय. कामावर लागला त्या साली
आप्पा येळ्ळूरच्या शाळेत चौथीत.
वाय म्हणजे आमचा येसू नव्हे, यल्लाप्पा.
सही कानडी, शेवटचं अक्षर ओळीखाली लोंबणारं.
अकरा वर्षांत एक खाडा नाही.
ठेव कुणी मागायला आलं नाही.

घरी येऊन वाकडशीर ठेवलं, आधीचं म्हणून.
पेंगट खाली, उर्फमध्ये.
पुराव्याच्या रकान्यात दोघांचीही नावं,
आणि प्रतिज्ञापत्रातली तिसरी ओळ खोडली.
कारकून म्हणाला, सोडताय कशाला, जुळतंय की.

नंबर मिळवायला आठवडा गेला.
किणयेत एका बाईनं उचलला.
बी. वाय. किणयेकरांचं घर का, मी विचारलं.
ती थांबली.
त्या नावानं घरात कुणी हाक मारली नसावी.
मागं भांड्यावर पाणी पडत होतं.
"हाईत की," ती म्हणाली, "परसात हाईत.
कोण म्हनून सांगू?"