पाणी हाललं तिथं

रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर मिळते,
म्हणून मांडीवर लॅपटॉप, पायाशी डासांची अगरबत्ती
आणि पडद्यावर एक वर्तुळ,
सात विकलांचं.

बारा वर्षांपूर्वी एका उपग्रहानं
दुसरंच काही बघता बघता
या कोपऱ्यातून आलेले क्ष-किरण मोजले: एकूण अडतीस कण.
चाळीस मिनिटं. मग काळोख,
पुन्हा कधीच नाही.
ते कुणाचे, हे ठरवणं माझ्याकडे आलंय.

वर्तुळात एक पुसट दीर्घिका आहे,
फळ्यावर खडूचं बोट लागल्यासारखी.
काठावर एक पिवळा तारा, थोराड, शांत;
आळ घ्यावा असं त्याच्या वर्णपटात काही नाही.
तीन रात्री दोघांना आलटूनपालटून उभं करते
आणि दोघंही म्हणतात, आम्ही नाही.

खाली डोंग्यात बाबा आणि लोमेश.
अंधारात कुठंतरी चुबुक होतं.
लोमेश जाळं फेकतो, नेमकं त्या वलयावर.
रिकामं. दुसऱ्यांदा शेवाळ.
"अबे, पानी हाल्लं तिथं काय मारतं?
मासा तिथंच राह्यते का? तो पुढं गेला असन."

मी हसते.
मग हसू थांबतं.

जुन्या काचेवरचं आकाश, बाबांच्या जन्माआधीचं,
त्याच्यावर मी हे वर्तुळ ठेवत होते.
बाहेर, पश्चिमेला, एक लाल ठिपका होता,
लांब पडतो म्हणून पहिल्याच दिवशी खोडलेला.
वर्षाला अर्धा विकला सरकतो तो, पूर्वेकडं.
साठ वर्षं गुणिले अर्धा:
बोटांवर मोजते, यंत्रावर भरवसा नसल्यासारखी.
तीस.
आत आला.

सूर्याच्या पाव हिश्श्याचा, कोमट,
नुसत्या डोळ्यांना कधीच न दिसणारा.
हा भडका तिथून निघाला त्या साली
हीच पाळ फुटली होती; आई सांगते,
धानाच्या बांध्यांतून लोकांनी मरळी वेचल्या.

बाबा चिखलाचे पाय घेऊन वर येतात.
"सापडला का तुया तारा?"
"सापडला. लहान आहे."
"लहानच उडते लय," म्हणतात, आणि खिशात बिडी शोधतात.

सरांना लिहिते: स्रोत बहुधा हाच.
'बहुधा' खोडते. पुन्हा लिहिते.
दीर्घिका अजून तिथंच आहे,
शंभरात दोनदा तीही असू शकते.
लोमेशच्या टोपलीत सात दाडक, एक चप्पल.
रेंजची एक कांडी गेली.
मेल अर्ध्यात फिरतंय.