सात नंबर

साडेसहाला जीप पुलाशी थांबली.
इंदूर मागे, घाट उतरून झालेला,
आणि माझी बोटं माझी नव्हती,
थर्मामीटरसारखीच सरकारी, नुसती जपून वापरायची.

हवा सात. पाण्याची वरची साय चौदा.
दोरी सोडत गेले, गाठीमागून गाठ,
तीन वाव खाली अठरा.
गुलाबसिंग म्हणाला, तळाशी झिरा आहे, बाई,
खडक पाझरतो. बाडस तिथंच.

श्रावणात ज्या धारेवरून उड्या मारत चढले
ती धार आता गोट्यांमधून वाट विचारत जाते,
घोटा भिजेल न भिजेल.
पाणी आटायच्या आत
कुणी सांगितलं यांना डोहाकडे चला म्हणून?

नमुन्यात एक रकाना असतो : वर्तन.
मी लिहिलं, निद्रिस्त.
गुलाबसिंगला वाचून दाखवलं
तर विडी दगडावर चेपून तो हसला.
‘मच्छी सुती नी छे, बाई. बठी छे.’

खोडलं. लिहिलं, बसलेले.
तोंड वाहत्या पाण्याकडे, अंग खडकाच्या आडोशाला.
कल्ला उघडतो, मिटतो,
मधे इतका वेळ जातो
की मीच श्वास घेऊन टाकते त्याच्या वाटचा.

अकरा वाजता ऊन शेवाळी दगडावर उतरलं,
बारकी पिल्लं उथळात शेकायला आली,
चिल्लर सांडावी तशी.
थोरले हलले नाहीत.

एकदा भिंगाखाली खवला धरला होता :
पावसाळ्याच्या रेघा ऐसपैस, मोकळ्या,
पौष-माघाच्या एकीला एक चिकटून.
वय मोजायचं ते या दाटीवरून.
जेवढे हिवाळे तेवढी वर्षं.
पुराला कुणी विचारत नाही.

आश्विनात अकरा सोडले होते आम्ही,
पाठीच्या पराला निळा मणी ओवून.
डोहात दहा.
सात नंबर नाही.

मग शोध.
खालचा डोह : डिझेलचा तवंग, वाळू ओढणारं पंपाचं तोंड,
तळ खरवडलेल्या पातेल्यासारखा.
वरचा डोह : गव्हाला लागलेली मोटर,
काठावर ओली रेघ, रोज एक वीत खाली.
दोन दिवस गेले. मुळेसाहेबांचा फोन आला :
गेला असेल, मृत दाखवा, तिमाही अहवाल अडलाय.

तिसऱ्या दिवशी
मीटरगेजच्या जुन्या पुलाखाली, जिथून आता गाडी जात नाही,
दगडी खांबाच्या पायाशी पुरानं कोरलेला एक खड्डा,
रामबागेतल्या आमच्या न्हाणीएवढा.
गुलाबसिंगनं कोपरापर्यंत हात घातला
आणि तसाच ठेवला.
मी वाकले. आधी माझंच तोंड दिसलं, मफलरमधलं,
मग त्याच्या आतून
निळा मणी.

त्याच्या बाजूला आणखी दोन. बिनमण्याचे.
आमच्या कुठल्याच मोजणीत नसलेले,
तोंड वाहत्या पाण्याकडे करून.

अधिवास : नैसर्गिक / मानवनिर्मित. एकावर खूण करा.
पेन बराच वेळ थांबलं.
खांब रेल्वेचा. खड्डा नदीचा.
आणि अहवालाची एक प्रत खनिज शाखेकडे जाते,
तिथून कुणाकडे जाते
ते इथं दगड वेचणाऱ्या पोरालाही ठाऊक आहे.

वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
खोटं लिहिलं, स्वच्छ अक्षरात :
सात नंबर, आढळला नाही.

परतताना घाटात काच चढवली तरी वारा आत येत होता.
महूला चहा घेतला. ग्लास दोन्ही हातांत धरून
मी कितीतरी वेळ प्यालेच नाही.
गुलाबसिंगची एक बाही अजून ओली होती.
त्यानं ती पिळली नव्हती.