उटी

अकरा दिवस झाले, गाडी पी घेत नाही.
आर घेते, एन घेते, डी तर न सांगता घेते;
सगळ्यात वरच्या घराशी आली की दांडा अडतो,
पोट भरलेला पाहुणा
ताटावर हात आडवा धरतो तसा.

ब्रेक दाबून पाहिला. बटण दाबून पाहिलं.
डीपर्यंत खाली आणून पुन्हा वर नेलं,
एकदा गोंजारून, एकदा शिवी देऊन.

आणि पी नाही म्हणून किल्लीही सुटत नाही.
कुणा विसरभोळ्यासाठी कंपनीने केलेली ही सोय.
रात्रपाळीहून येते, किल्ली आतच लटकत ठेवते,
दुसऱ्या किल्लीने बाहेरून कुलूप लावते
आणि झोपेत बॅटरी उतरल्याचं ऐकते.

पिट्सबर्गात, बीचव्ह्यूच्या या चढावर
फुटपाथलासुद्धा पायऱ्या आहेत.
इथे न्यूट्रलमध्ये गाडी सोडणं
म्हणजे खालच्या चौकात तिची वाट बघणं.
म्हणून हँडब्रेक, कान पिळावा तसा ओढलेला,
आणि मागच्या चाकाला उटी.

तीस वर्षांत हा शब्द मला लागला नव्हता.
शेजारच्या ह्रबोव्स्कींनी डेकचा उरलेला तुकडा
तिरपा कापून दिला आणि विचारलं,
तुमच्यात याला काय म्हणतात?
आता रोज सकाळी कुंपणावरून:
ऊऽटी लावलीस?

फ्रीमाँटहून उदयनचा फोन.
घटस्फोटाला चार वर्षं झाली,
गाड्यांबद्दल आम्ही अजून बोलतो.
बाकीचे विषय वाटणीत कुणाकडे गेले, आठवत नाही.
तो म्हणाला, तू आधी पी टाकतेस, मग पाय उचलतेस.
सगळी गाडी त्या एका खिट्टीवर लटकते.
बोटभर लोखंड गं, किती धरेल?
आधी हँडब्रेक. मग पाय हळूच काढ.
गाडीला बसू दे. मग पी.
मी म्हटलं, हे तेव्हा का नाही सांगितलंस?
सांगितलं होतं, म्हणाला.
सांगितलं असेल.

शनिवारी लोरेन पाव्लिकने
टॉर्च दातात धरून कन्सोल उघडला.
आतून निघालं: केसांची पिन, वाळून डिंक झालेला कोक,
डाळिंबाचा एक दाणा, वाळून काळामणी झालेला,
दोन हजार एकोणीसची पार्किंगची पावती.
मला वाटलं, सापडलं.
हे नव्हे, ती म्हणाली, आणि गाडीखाली सरकली.

केबलचं कवच तडकलंय. पाणी शिरलंय, रस्त्यावरचं मीठ शिरलंय.
आत तार गंजली आहे.
तुम्ही जोर लावता तो वरच्या वरच राहतो,
शेवटचं अर्धं बोट खाली पोचतच नाही.

म्हणजे चढाचा काही संबंध नाही?
नाही.
मी कशी गाडी लावते, त्याचा?
तिने टॉर्च तोंडातून काढला,
माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.
नाही, बाई. मिठाचा.

तीनशे चाळीस डॉलर झाले.
मला ते स्वस्त वाटले.
गाडीत बसल्या बसल्या उदयनला एकच शब्द पाठवला: केबल.
लगेच उत्तर: तरी आधी हँडब्रेक.

घरी आले. चढावर थांबले.
आणि, कुणी बघत नव्हतं म्हणून,
आधी हँडब्रेक ओढला, मग पाय हळूच काढला.
गाडी दोन बोटं मागे आली, बसली,
म्हातारी बाई पाटावर बसते तशी, सगळे सांधे सांभाळत.
मग दांडा वर. टक्.
एवढासाच आवाज.
किल्ली फिरली, हातात आली, जरा कोमट.

अकरा दिवसांनी किल्ली हातात,
तरी मी तशीच बसून राहिले,
इंजिन निवताना टिकटिकतं ते ऐकत.

मग उतरले, डिकी उघडली.
ह्रबोव्स्की कुंपणाशी येतच होते.
लावते, लावते, मी म्हटलं,
त्यांनी तोंड उघडायच्या आत.