उलटे शब्द

दिवसा मी मोजणी करतो. खानापूर तालुका,
सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, बांधावरचा दगड
रात्रीतून चार हात सरकलेला,
आणि दोघे भाऊ शपथेवर सांगतात,
आजोबांपासून तो तिथंच आहे.

रात्री मी साम्राज्य लिहितो.
सातशे पानं झाली. तारकेतू नावाचा राजा,
त्याच्याकडं एक साखळी:
जी जमीन तिनं मोजली, ती मोजणाऱ्याची.
वाईट हातांत पडली तर जग बुडेल,
म्हणून ती चांगल्या हातांत असावी,
इतकं मला अकरा वर्षं पुरलं.

काळ्या गडाच्या फौजेला भाषा हवी होती.
नवी भाषा घडवायची माझी ऐपत नाही.
भिंतीपलीकडं इराण्णा लाइनमनचं बिऱ्हाड,
त्यांचं जेवण, भांडण, अभ्यास, सगळं इकडं ऐकू येतं.
तिथलेच चार शब्द घेतले, उलटे केले,
वर थोडं रक्त लावलं.
झाली राक्षसांची बोली. कुणाला कळतंय?

दानेश्वरीला कळलं. पाचवीतली पोर,
पोस्टमननं चुकून तिकडं टाकलेलं माझं पत्र द्यायला आली
आणि टेबलाशी रेंगाळली.
त्यांच्या वर्गात आडनावं उलटी करून हाका मारतात.
"काका, हे कुळबे म्हणजे काय?"
ठार मारा, मी म्हटलं. त्यांची रणगर्जना.
ती ओठांतल्या ओठांत मागून पुढं आली
आणि हसली. "बेळकु! हे आमचं बेळकु.
उजेड हो, काका."

मग तिला नादच लागला.
पेन्सिल घेऊन पान दोनशे बारा, पान तीनशे चाळीस.
लुहा, ज्याला मी विष म्हटलं होतं,
हालु निघालं, दूध.
नेमपाशी मात्र अडली. नेम तर मराठीच की.
गडावरचे धनुर्धारी ओरडतात, नेम! आणि बाण सुटतात.
थोड्या वेळानं म्हणाली, "मने. घर."

घर उलटं केलं की नेम होतो.
मीच केला होता. तेव्हा नुसती गंमत वाटली होती.

जाता जाता दारातून तिनं विचारलं,
"खरं गडावरचे जेवतात काय?"
तारकेतूच्या पंगतीला मी तीन पानं दिलीत,
बेळगावी मांडे, केळीची पानं, तुपाची धार.
गडावर सातशे पानांत एकदाही चूल पेटलेली नाही.

रात्री वारा सुटला, लाइट गेली.
इराण्णा अर्धं ताट टाकून निघाला, हातमोजे शोधत.
मेणबत्तीत मी शेवटचं प्रकरण उघडलं.
गड पडलाय. तळघरात कोंडलेले कैदी
दारावर मुठी आपटतात: कुळबे, कुळबे.
तारकेतू पायरीवर, हातात साखळी.
एवढं तळघर मोजलं की पृथ्वी सगळी त्याची,
म्हणजे न्यायाची, म्हणजे कायमची.
ह्याच पायरीकडं मी अकरा वर्षं चालत आलो.

त्याला खरा अर्थ ऐकू येऊ दिला
तर मागची सगळी पानं खोडावी लागतील.
नाही दिला, तर बांधावरचा तो भाऊ मीच,
रात्री दगड सरकवणारा, सकाळी शपथ घेणारा.

गल्लीत दिवे आले. पोरं ओरडली,
"करंट बंतु! करंट आला रे!"
बेळकु कुणीच म्हणालं नाही.
सकाळी दानेश्वरीला सांगितलं तर म्हणाली,
ते पुस्तकातलं हो.

आज नंदगडच्या वाटेवर मोजणी आहे. पुन्हा दोन भाऊ.
निघताना वही उघडून एवढंच लिहिलं:
साखळी हातातच. पण राजा पहारेकऱ्याला विचारतो,
आतले जेवलेत काय?

पहारेकऱ्याला माहीत नाही.
मलाही.